एक डबा नागभीडला!

शंभराहून अधिक वर्षे धावलेली नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ च्या नोव्हेंबरात थांबली. रूळ रुंद व्हायलाच हवेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न जुन्या डब्यांचा आहे. नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे. तिथे डबा पाहता येतो. तो दुरुस्त करण्याची विद्या मात्र हातानेच शिकावी लागते. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालते आहे. आपल्याकडे आलापल्लीचे सागवान आहे, गावोगावी सुतार आहेत, निवृत्त रेल्वे कामगार आहेत. रेल्वेने एक डबा नागभीडला द्यावा. रविवारचे श्रमदान चंद्रपूर-गडचिरोलीकरांनी करावे. हे जाणते हात थकण्यापूर्वी पोरांनी पाना धरायला शिकले पाहिजे. नाहीतर उरेल तो नुसता गंजका सांगाडा.