वाहून आलेले लाकूड थेट टाकीत नको



नदीत वाहून आलेले लाकूड गरम पाण्याने धुतले की माशांच्या टाकीत चालते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अपुरे आहे. लाकूड आतपर्यंत वाळलेले आणि टणक हवे. ओले, मऊ लाकूड कुजते आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. कण्हेरीसारखे विषारी किंवा चीडसारखे राळेचे लाकूड टाळावे. साल काढून, साबण न लावता तास-दोन तास उकळावे. मग पाणी बदलत, ते बुडेपर्यंत भिजवावे. समुद्रकाठच्या लाकडातले मीठ निघायला कित्येक आठवडे लागतात. पाणी चहासारखे तांबूस झाले तर घाबरू नये. तो रंग लाकडातल्या टॅनिनचा असतो, बहुतेक माशांना त्याचा त्रास नसतो. मात्र झाड ओळखता येत नसेल, तर लाकूड उचलूच नये.

– एक वाचक, चिपळूण