पहिली रांग हसेल का?

गॅदरिंगचा सीझन आला की आपल्याकडे एक सीन हमखास घडतो. वालचंदनगर असो, इंदापूर असो नाहीतर बारामती. पोरं आठ-दहा दिवस जागून स्किट बसवतात. त्यात उसाच्या लांबलेल्या बिलावर एक डायलॉग असतो, न येणाऱ्या एसटीवर एक, पुढे ढकललेल्या भरतीवर एक. तालीम बघायला सर येतात, हसतातसुद्धा. मग हळूच म्हणतात, ‘‘छान झालंय रे. तेवढं राजकारणाचं काढा. पाहुणे पहिल्या रांगेत बसणारेत.’’

आणि मग त्या जागी काय येतं? साडी नेसलेला मुलगा, जाड्या मित्राची टिंगल, कुणाच्या तरी बोलीची नक्कल, बायकोवरचे घिसेपिटे जोक. नीट बघा, विनोद बंद झालेला नाही. त्याचं तोंड फक्त फिरलंय. वर जायचा रस्ता बंद केला, की विनोद खाली घसरतो आणि जो उलटून बोलू शकत नाही त्याच्यावर जाऊन पडतो. इस्रोच्या रॉकेटचे भाग आपल्या वालचंदनगरात बनतात, पण दहा मिनिटांचं एक स्किट पहिल्या रांगेपर्यंत पोचत नाही, हे जरा गमतीचंच नाही का?

खरंतर समोरच्या खुर्चीला चिमटा काढणं ही आपल्या मातीतली गोष्ट. गावच्या जत्रेत तमाशा लागायचा तेव्हा पाटील पुढेच बसलेला असायचा, आणि सोंगाड्या त्याच्याच कारभाराची सालटी काढायचा. पाटीलही मिशीत हसायचा. न हसता उठून गेला असता, तर गावाला कळलं असतं ना, बाण कुठं लागला ते!

याच महाराष्ट्रात पु. ल. देशपांडे होऊन गेले. तुम्हाला पुलं ‘म्हैस’मुळे किंवा ‘अंतू बर्व्या’मुळे माहीत असतील. पण १९७७ चे पुलं थोडे वेगळे होते. १९७५ मध्ये आणीबाणी लागली. विरोधक तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. १९७७ ची निवडणूक जाहीर झाल्यावर हा हसवणारा माणूस सभांच्या मंचावर उभा राहिला आणि सत्तेची खिल्ली उडवू लागला. सत्ताधाऱ्यांच्या गोटातून त्यांना ‘विदूषक’ म्हणून हिणवलं गेलं. पण विदूषक म्हणजे कोण, हे जरा आठवा. जुन्या संस्कृत नाटकांत राजाशी बरोबरीनं, थट्टेच्या सुरात बोलायची मुभा असलेला माणूस तोच!

निवडणुकीत जनता पक्ष जिंकला. पुलंनी काय मागितलं? काहीच नाही. ना पद, ना खुर्ची. काम झालं म्हणून ते आपल्या लिहिण्याकडे परत गेले.

आता १९९६ मध्ये या. राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं. पहिला ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार पुलंना जाहीर झाला. वय सत्याहत्तरीच्या आसपास, शरीर पार्किन्सन्सनं थकलेलं. गोड बोलून, शाल घेऊन घरी जाता आलं असतं. पण पुरस्कार स्वीकारतानाच्या भाषणात त्यांनी लोकशाहीऐवजी ठोकशाहीची भाषा बोलली जाते याचं दुःख बोलून दाखवलं. म्हणजे ज्यांच्या हातून सन्मान घेतला, त्यांनाच आरसा दाखवला. बाळासाहेब ठाकरे संतापले, पुलंवर त्यांनी जाहीर टीका केली. गंमत म्हणजे एके काळी पुलं शाळेत शिक्षक होते आणि बाळासाहेब त्याच शाळेत विद्यार्थी!

हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून बघा. १९७७ मध्ये समोर काँग्रेस होती, १९९६ मध्ये युती. खुर्चीवरचा पक्ष बदलला, पुलंचं बोट तिथंच राहिलं, खुर्चीकडे. विनोदी माणूस धाडसी आहे की नुसता एखाद्या पक्षाचा भोंपू आहे, हे ओळखायची हीच खूण.

लांब अमेरिकेतही असंच झालं. २९ एप्रिल २००६ ला पत्रकारांच्या वार्षिक मेजवानीत विनोदवीर स्टीफन कोल्बेर बोलायला उभा राहिला. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश काही फुटांवर बसलेले. त्यानं बुश यांचं कौतुक करायचं सोंग घेतलं आणि त्या कौतुकातूनच इराक युद्धापर्यंत सगळं सोलून काढलं. हॉलमध्ये बरेच जण अवघडून बसले. पण त्यानंतरही कोल्बेर आपलं काम करत राहिला. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या एका विडंबनगीतावरून मुंबईत खारच्या स्टुडिओची तोडफोड झाली. विनोद आवडलाच पाहिजे असं नाही. आवडला नाही तर उत्तर द्या, टीका करा, उठून जा. पण हातोडा हे उत्तर नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, ‘‘आम्ही मीम टाकतोच की!’’ टाका. पण फेक अकाउंटवरून टाकलेलं मीम आणि स्वतःच्या नावानं, समोरच्याच्या डोळ्यात बघून केलेला विनोद, यांत फरक आहे. समोर बोलायचं तर माहिती पक्की लागते, भाषा सांभाळावी लागते आणि किंमत मोजायची तयारी लागते. म्हणून तो विनोद वजनदार होतो.

तेव्हा यंदा स्किट लिहाल तर तीन गोष्टी बघा. विनोद वरच्यावर आहे की खालच्यावर? माणसाच्या कारभारावर आहे की त्याच्या जातीवर, रूपावर? आणि उद्या आपल्या आवडत्या नेत्याची सत्ता आली तर हाच डायलॉग म्हणाल का? तिन्हींची उत्तरं नीट आली, तर तो डायलॉग काढू नका. सरांना समजावून सांगा, हट्ट धरा.

आणि पहिल्या रांगेतल्या मान्यवरांनो, पोरं तुमच्यावर जोक करतायत म्हणजे अजून तुमच्याकडून त्यांना काही अपेक्षा आहे. जरा हसा की!