कार्टूनमधला काळोख



गेल्या पालकसभेत फीचा आणि रिक्षांचा विषय संपल्यावर एका पालकांनी तक्रार मांडली. मुलगा आठवीत गेला तरी बॅटमॅनची कार्टूने बघतो, आणि तीही अशी की ज्यात ऊन म्हणून दिसत नाही. सगळी रात्र, पाऊस आणि स्मशान. शाळेने मुलांना समज द्यावी, असे त्यांचे म्हणणे. दोन-चार माना डोलल्या. आम्ही म्हटले, आधी बघू, मग बोलू. त्यांनी ज्या चित्रपटाचे नाव घेतले तो 'बॅटमॅन : मास्क ऑफ द फँटॅझम' आम्ही रविवारी पाहिला. आता बोलतो.

हा चित्रपट नवा नाही, डिसेंबर १९९३ चा आहे. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत बॅटमॅनची एक कार्टून मालिका दूरदर्शनवर सुरू झाली होती. त्या मालिकेतली पार्श्वभूमीची चित्रे पांढऱ्या कागदाऐवजी काळ्या कागदावर रंगवत. म्हणजे अंधार आधीच असायचा, चित्रकार त्यात जरुरीपुरता उजेड घालायचा. त्याच मंडळींनी, एरिक रॅडॉम्स्की आणि ब्रूस टिम यांनी, हा चित्रपट दिग्दर्शित केला. चित्रगृहात तो चालला नाही, खर्चसुद्धा धड निघाला नाही. पुढे घरोघरी कॅसेटवर लोकांनी तो पाहिला आणि मग त्याचे नाव झाले. आज तीस वर्षांनंतर इथला आठवीतला मुलगा तो बघतो. मारामारीची कार्टूने तर त्याला ढिगाने मिळतात. मग हीच का आवडावी?

आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून शिकलो. लहानपणी 'इंद्रजाल कॉमिक्स'चे अंक आमच्या हाती पडत, तेही हिंदीतलेच. त्यातल्या वेतालाच्या मूळपुरुषाने बापाच्या खुन्याच्या कवटीवर शपथ घेतली होती. आम्हाला ती शपथ फार रोमांचक वाटे. पण वेतालाला तिची काही किंमत मोजावी लागली, असे आठवत नाही. त्याला शपथही मिळाली, डायनाही मिळाली, मुलेबाळेही झाली. बॅटमॅनचे, म्हणजे ब्रूस वेनचे, तसे नाही. आईवडिलांचा डोळ्यांदेखत खून झाला म्हणून लहानपणी त्याने गुन्हेगारीशी लढण्याचे वचन दिले. तरुणपणी त्याची अँड्रिया नावाच्या मुलीशी ओळख होते, तीही कबरस्तानात. ती आपल्या मेलेल्या आईच्या थडग्यापाशी बसून मोठ्याने गप्पा मारत असते. ब्रूसला आधी वाटते की ती त्याच्याशीच बोलते आहे. मग दोघांचे सूत जुळते, आणि आयुष्यात प्रथमच हा मुलगा सुखी होतो.

इथे या चित्रपटातला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटलेला प्रसंग येतो. रात्री भर पावसात ब्रूस आईवडिलांच्या थडग्यासमोर उभा राहून विनवण्या करतो. वचन दिले तेव्हा आपण कधी सुखी होऊ हे त्याने धरलेच नव्हते. आता पूर्वीइतके दुखत नाही, तर मला या वचनातून मोकळे करा, असे तो मागतो. उत्तर अर्थातच येत नाही. कुठलाही खलनायक नाही, गाडी नाही, मुखवटा नाही. दुःख कमी होऊ लागले म्हणून एक मुलगा मेलेल्या आईबापांपुढे अपराधी होऊन उभा आहे, एवढेच.

आमच्या शाळेत दरवर्षी एक-दोन मुले अशी असतात, ज्यांच्या घरातले माणूस नुकतेच गेलेले असते. तेरा दिवसांनी मूल शाळेत येते. आपण सगळे त्याच्याशी जास्तच गोड बोलतो आणि त्या विषयाचे नावही काढत नाही. दोन महिन्यांनी ते मैदानावर खो-खो खेळताना खळखळून हसते आणि मध्येच गप्प होते. ते का गप्प झाले हे आमच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात कुणी शिकवले नव्हते. या कार्टूनमध्ये ते आहे.

बरे, आपल्या घरांत दुःखाचे वावडे होते कधी? अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ चा. त्यात आई मरते. पिढ्यान् पिढ्या आपण मुलांना तो दाखवत आलो, मुले रडली तर बरे वाटले आपल्याला. तिथे 'काळोख फार आहे' अशी तक्रार आम्ही ऐकली नाही. आणि प्रतिज्ञेची किंमत म्हणाल तर भीष्म सातवी-आठवीच्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. त्याच्या प्रतिज्ञेपायी अंबेचे आयुष्य उद्ध्वस्त झाले आणि तिने सूडासाठी पुढचा जन्म घेतला. ही अँड्रियासुद्धा सूडाची निघते, मात्र तिचा सूड ब्रूसवर नाही. गुंडांनी तिच्या बापाला मारले. म्हणून वर्षांनंतर ती कवटीचा मुखवटा आणि हाताला विळा लावून एकेकाचा जीव घ्यायला परतते. (मुखवट्याआडून येणारा आवाज तिच्या बापाचे काम करणाऱ्या नटाचाच, स्टेसी कीच यांचा, आहे. त्यामुळे आम्हीही शेवटपर्यंत बापावरच संशय धरला.) रहस्य फोडले याबद्दल क्षमस्व, पण पालकांना ते ठाऊक असलेले बरे.

त्याचे आईबाप मारले गेले, तिचा बाप. एकाने जीव न घेण्याची मर्यादा पाळली, दुसरीने नाही. मात्र चित्रपट त्याला हार घालत नाही आणि तिला शिक्षाही देत नाही. शेवटी ती जहाजाच्या कठड्याशी एकटी, हा गच्चीवर एकटा. मुलांच्या चित्रपटात असा शेवट करायला धैर्य लागते. जोकर आहे, हेलिकॉप्टरे आहेत, पडकी जत्रा आहे, ते सर्व ठीकच. मुलांना तेही आवडत असणार, आम्ही नाकारत नाही.

तेव्हा शाळा बंदी घालणार नाही. तिसरी-चौथीच्या मुलांना मात्र हा चित्रपट दाखवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतही त्याला पालकांच्या देखरेखीचेच प्रमाणपत्र मिळाले होते. त्यात खून आहेत, आणि जोकर एका म्हाताऱ्या गुंडाला जसा हसत मारतो ते पाहून लहान मूल रात्री उठून बसेल. आठवीपासून पुढच्यांनी अवश्य बघावा, पण कानात ते बोंडुक घालून कोपऱ्यात नव्हे. आई, बाबा किंवा आजोबा यांपैकी कुणी तरी शेजारी बसावे. सव्वा तासाचा तर आहे. 'हे काय पोरखेळ' म्हणत पेपर उघडू नये, आणि तो थडग्यापाशी पावसात उभा असताना चहा टाकायला उठू नये. नंतर मुलाने काही विचारले तर ठाऊक असेल तेवढे सांगावे. घरातल्या गेलेल्या माणसाचा विषय निघाला तर निघू द्यावा.