३३ इंची टायर आणि जुन्या जीपचे ब्रेक: गणित नेमकं कुठे बिघडतं?

जुनी विलीज किंवा महिंद्रा जीप शोधायची, नवा रंग द्यायचा, ३३ इंची टायर चढवायचे आणि चिखलातली रील टाकायची. हा ट्रेंड सध्या जोरात आहे. अशा व्हिडिओत टायरचा ब्रँड, रिम, विंच, सगळ्याची माहिती मिळते. ब्रेकचं नाव मात्र क्वचितच निघतं. खरं तर टायर बदलला की सगळ्यात आधी ब्रेकचाच हिशेब बदलतो. कसा, ते सोप्या आकड्यांत बघूया.

टायर मोठा झाला की काय होतं?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या विलीज जीपला चारही चाकांना ९ इंची ड्रम ब्रेक होते आणि टायर साधारण २८ इंच उंचीचे. त्या ब्रेकचा आकार त्या टायरला धरून ठरवलेला होता. आता २८ च्या जागी ३३ इंची टायर आला, की तीन गोष्टी एकदम होतात.

पहिली: ब्रेक चाकाला मध्याजवळ धरतो आणि टायर रस्त्याला बाहेरच्या कडेला धरतो. कडा जितकी लांब, तितकी ब्रेकची पकड कमी पडते. पेडलवर तेवढाच पाय दिला तरी रस्त्यावर मिळणारी ब्रेकची ताकद सुमारे १५ टक्के घटते.

दुसरी: स्पीडोमीटरला टायर बदलल्याचं कळत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो. काटा ६० दाखवत असेल, तेव्हा गाडी खरं तर ७१ च्या आसपास असते. वेग १८ टक्के वाढला तर थांबवायची ऊर्जा वर्गाच्या हिशेबाने, म्हणजे ३९ टक्के वाढते.

तिसरी: मोठा टायर जड असतो आणि त्याचं वजन मध्यापासून लांब असतं. फिरणारं चाक थांबवायलाच जास्त कष्ट पडतात.

पहिल्या दोन गोष्टींचा गुणाकार केला तर काट्यावरच्या त्याच ६० ला, पायाच्या त्याच जोराने, थांबायला सुमारे ६४ टक्के जास्त अंतर लागतं. आधी ३० मीटर लागत असतील तर आता ४९. टायरचं वाढीव वजन यात धरलेलंच नाही. पाय जास्त जोराने दाबून थोडी भरपाई होते, पण ताम्हिणी किंवा आंबोली घाट उतरताना तो जोर सतत द्यावा लागतो आणि ब्रेक तापत जातात. त्यात मोठ्या टायरमुळे गिअरही ‘लांब’ होतात, म्हणून इंजिनाची रोखही कमी मिळते.

मग सरळ डिस्क किट घ्यायचं का?

बहुतेकांचं पहिलं उत्तर हेच असतं. डिस्कचे फायदे खरे आहेत: ती लवकर थंड होते आणि ओढा ओलांडल्यावर पाणी झटकन झटकते. ड्रम ओला झाला की काही वेळ ब्रेक लागल्यासारखेच वाटत नाहीत.

पण ब्रेक ही एक सिस्टम आहे. सॉफ्टवेअरमध्ये एक लायब्ररी अपडेट केली की तिच्यावर अवलंबून असलेल्या बाकीच्या गोष्टी तुटतात, तसंच इथेही होतं.

ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, त्यामुळे कमी जोरात काम होतं. डिस्कला ही मदत नाही. बूस्टर न लावता फक्त डिस्क बसवली तर पेडल दगडासारखं लागतं. बूस्टरला व्हॅक्यूम लागतो. पेट्रोल इंजिनात तो आपोआप मिळतो, डिझेलमध्ये वेगळा पंप लागतो. आपल्याकडे कित्येक जुन्या जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन टाकलेलं असतं, तेव्हा हा पंप आहे का ते आधी तपासा.

कॅलिपरला ऑइलही जास्त लागतं, म्हणून मास्टर सिलिंडर बदलावा लागतो. जुन्या विलीजमध्ये तो पायाखाली, चासीजवळ असतो, त्यामुळे ऑइल मागे ओघळू नये म्हणून छोटा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असताना दाबाची वाटणी चुकली तर मागची चाकं आधी लॉक होतात. विलीजचा व्हीलबेस जेमतेम ८० इंच. मागची चाकं लॉक झाली की अशी आखूड गाडी गर्रकन फिरते.

पैसे कोणत्या क्रमाने घालायचे?

१. आहे ते ठीक करा. शू, व्हील सिलिंडर, रबरी होज बदला, ड्रम गोल आहेत का बघा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर जास्तच. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. ऑइल उकळलं की पेडल थेट तळाला जातं.

२. दुहेरी मास्टर सिलिंडर. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकच सर्किट असतं. एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. दुहेरी सर्किटमध्ये निदान दोन चाकं उरतात. माझ्या मते डिस्कच्या आधी हाच खर्च करावा.

३. मोठे ड्रम. ९ ऐवजी ११ इंची ड्रम बसले तर नुसत्या आकाराने पकड साधारण २२ टक्के वाढते, म्हणजे ३३ इंची टायरने हिरावलेली ताकद जवळपास परत मिळते. अमेरिकेतले विलीजवाले हा बदल वर्षानुवर्षे करत आले आहेत.

४. यानंतरही घाट आणि हायवे नेहमीचे असतील, तर बूस्टरसह पुढे डिस्क. कॅलिपर तुमच्या रिममध्ये मावतो का, हे पैसे देण्याआधी मोजून घ्या.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. म्हणून कुठलाही बदल करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

मोठे टायर आधीच बसवले असतील तर आजच एक गोष्ट फुकटात करता येईल. शेजारी बसलेल्या मित्राला फोनवर जीपीएस स्पीड लावायला सांगा आणि काट्याशी ताडून बघा. फरक किती आहे ते डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा आणि ब्रेकचं काम होईपर्यंत तेवढा वेग कमी ठेवा.