टीएमसी, क्युसेक आणि घातांकाचे नियम

पावसाळा लागला की आमच्या कराडात सगळेच गणितात शिरतात. चहाची टपरी असो, एसटी स्टँड असो नाहीतर प्रीतिसंगमाचा घाट, विषय एकच. कोयनेत किती टीएमसी झालं? किती क्युसेकनी सोडलंय? पुण्यात हिंजवडीत बसलेले आमच्यासारखे लोकही घरी फोन करून तेच विचारतात. आकडे सगळ्यांना तोंडपाठ. पण टीएमसी आणि क्युसेक यांचा एकमेकांशी हिशोब घाला म्हटलं की बरेच जण गप्प!

गंमत म्हणजे या हिशोबाला जे लागतं ते सगळं सातवी-आठवीच्या घातांकाच्या धड्यात आहे. पाया समान असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज, भागाकारात वजाबाकी, घाताचा घात असेल तर गुणाकार, आणि घातांक शून्य असेल तर उत्तर १ (पाया शून्य नसला म्हणजे झालं). हे आपण सगळ्यांनी घोकलंय. माझं म्हणणं इतकंच, की कराड-सांगलीकडच्या पोरांना हे नियम कोयनेच्या पाण्यावरच शिकवावेत.

एक टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, १०^९ (छोटा आकडा वर लिहिता येत नाही म्हणून हे चिन्ह). नुसती नऊ शून्यं बघून काही कळत नाही. त्यापेक्षा हजार फूट लांब, हजार फूट रुंद आणि हजार फूट उंच अशी टाकी डोळ्यासमोर आणा. हजार म्हणजे १०^३, त्याचा घन (१०^३)^३, म्हणून ३ × ३ = ९. झाला एक टीएमसी! ही टाकी कोयनेच्या १०३ मीटर उंच भिंतीच्या जवळजवळ तिप्पट उंच होते. आणि कोयनेत अशा १०५ टाक्या मावतात.

आता गुणाकार. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे ८.६४ × १०^४. विसर्ग एक लाख क्युसेक, म्हणजे १०^५. पाच अधिक चार नऊ. दिवसाला ८.६४ टीएमसी. कॅल्क्युलेटर लागलाच नाही.

भागाकार बघा. धरणात ५० टीएमसी जागा आहे, आवक एक लाख क्युसेक आहे आणि थेंबही सोडला नाही, तर भरायला किती वेळ? नऊ वजा पाच, चार. ५० × १०^४, म्हणजे पाच लाख सेकंद. साधारण पावणेसहा दिवस. शून्य घातांकही इथेच सापडतो. एका टीएमसीला एका टीएमसीने भागलं तर उत्तर १, आणि नियमाने १०^०. दोन्ही एकच. यात जादू काही नाही.

याचा उपयोग काय? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोका पातळी आहे ४५ फूट. अशा दिवसांत मोबाईलवर आकड्यांचा पूर वेगळाच येतो. 'आज रात्रीत धरण भरणार' असं कुणी पाठवलं आणि ५० टीएमसी जागा शिल्लक असेल, तर बारा तासांत भरायला साडेअकरा लाख क्युसेक आवक लागेल. म्हणजे मेसेज सरळ डिलीट. पाणी कुणाच्या दारात येईल ते या हिशोबाने कळत नाही. खाली वारणा मिळते, ओढ्यानाल्यांचं पाणी येतं, त्यासाठी प्रशासनाच्या सूचनाच ऐकायच्या. पण घाबरवणारा आकडा शक्यतेतला आहे की नाही, हे मात्र कळतं.

यावर कुणी म्हणेल, अहो, नियम पाठ केले की मार्क मिळतात, कशाला एवढा खटाटोप? पाठांतराशी माझं वैर नाही. पाढे पाठ हवेतच. पण पाठ केलेला नियम विसरला की बेरीज होती का गुणाकार, हा गोंधळ उडतो. आणि तो परीक्षेतच उडतो :) ज्याला टाकी दिसली तो नियम पुन्हा उभा करतो.

तर मंडळी, घरात सातवी-आठवीतलं कुणी असेल तर त्याला हे गणित घाला: ३४,५०० क्युसेक विसर्ग दोन दिवस चालला, किती पाणी गेलं? उत्तर सहा टीएमसीच्या जरासं खाली यायला हवं. आधी स्वतः करून बघा, मगच त्याला विचारा.