देवदूतांनी नांगर धरला, जमीन कोणाची झाली?

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर याचे शव दर दहा वर्षांनी लोकांच्या दर्शनासाठी ठेवतात. मागचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत झाला. दर्शनास जाणारे सगळेच ख्रिस्ती नसतात. गोव्यातले हिंदूही त्यास ‘गोंयचो सायब’ म्हणून हात जोडतात; आणि मिरज-लोंढा मार्गाने गोव्यास गेलेली आमच्या सातारा-सांगलीकडची माणसेही त्याच्या देवळात जाऊन येतात. हात जोडणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. परंतु ज्याच्यापुढे वाकावयाचे तो कोण, त्यास संत कोणी ठरविले, आणि त्याच्या नावाने कष्टकऱ्याच्या पदरात काय पडले, एवढे तरी विचारण्याचा हक्क आम्हास आहे.

रोमच्या पोपने झेवियरास संतपद दिले ते १२ मार्च १६२२ रोजी. त्या दिवशी आणखी चौघे संत झाले. त्यांतला एक झेवियराच्या पंथाचा संस्थापक इग्नेशियस, एक धर्मोपदेशक आणि एक मठ स्थापणारी जोगीण. पाचवा मात्र आपल्यातला होता. त्याचे नाव इसिद्रो. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी स्पेन देशात माद्रिद गावी तो दुसऱ्याच्या रानात नांगर हाकीत असे. म्हणजे आपल्या भाषेत सालगडी! ज्या झेवियराचे नाव सर्वांस ठाऊक, त्याच्याच पंक्तीस त्याच दिवशी एक शेतगडी बसला, ही गोष्ट आमच्या किती वाचकांच्या कानी आली असेल?

इसिद्रोची कथा अशी सांगतात. तो पहाटे प्रार्थनेस जाई आणि कामावर उशिरा येई. सोबतच्या गड्यांनी वार्गास नावाच्या मालकाकडे चहाडी केली. मालक बांधाआड दडून पाहतो तो इसिद्रोच्या बाजूस देवदूत नांगर धरून तास काढीत आहेत! मालक गहिवरला, लोक धन्य धन्य म्हणाले.

ही कथा आम्हास परकी वाटत नाही. जनाबाईचे जाते विठ्ठलाने ओढले, सेना न्हाव्याची धोकटी घेऊन विठ्ठल राजाच्या हजामतीस गेला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. देव कष्टकऱ्याच्या हाताला हात लावतो, ही कल्पना गोड आहे, आणि तिच्यात श्रमाचा मानही आहे. पण कथा संपल्यावर आम्ही एक प्रश्न करतो. देवदूतांनी नांगर धरला, तरी जमीन कोणाची झाली? वार्गासाचीच राहिली. विठ्ठलाने दळण दळले, तरी जनी कोण राहिली? नामदेवाच्या घरची दासीच. चमत्काराने काम हलके झाले असे सांगतात. मजुरी वाढली असे कोणी सांगत नाही. गड्याने भक्ती करावी आणि मालकाने पीक न्यावे, एवढाच बोध निघत असेल, तर ती कथा गड्याची नव्हे, मालकाची आहे.

कॅथलिक पंथाचे शास्त्र याहून सरळ आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ते म्हणते, पूजा एका देवाची. संतांस केवळ मान. शेजाऱ्यास आपण ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ म्हणतो, तसेच संतास म्हणावे, यापलीकडे नाही. पण शास्त्र पोथीत राहते आणि जत्रा रस्त्यावर भरते. मुंबईस वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत दर सप्टेंबरात मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळे वाहतात. तेथेही सर्व धर्मांचे नवसकरी असतात. आजारी लेकराची आई तेथे उभी असते. तिला हसणारा माणूस निर्दय म्हणावा. आमचे म्हणणे इतकेच, की आधी औषध आणि मग मेणबत्ती. जो कोणी हा क्रम उलटा सांगतो, तो कोणत्याही धर्माचा असो, दलालच समजावा.

आमच्या मिरजेस आलेले अमेरिकन मिशनरी प्रॉटेस्टंट. त्यांच्या देवळात संतांची मूर्ती नाही, नवस नाही. त्यांच्यातला डॉक्टर वानलेस याने १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडले. त्यास कोणी संतपद दिले नाही. पण सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी त्याचे नाव आजही बाळगून आहे. मेणाचा पाय वाहण्यापेक्षा खरा पाय बरा करणे ही मोठी सेवा, हे त्या नावावरून आमचा अडाणी माणूसही समजतो.

झेवियराबद्दलही डोळे झाकू नयेत. गोव्यात धर्मन्यायासन आणावे असे त्याने १५४६ साली पोर्तुगालच्या राजास लिहिले. त्याच्या मृत्यूनंतर १५६० साली ते आलेच, आणि त्याचा जाच गोव्याच्या रयतेने सोसला. संत झाला म्हणून माणूस चौकशीपलीकडे जात नाही.

याउलट देवसहायम् पाहा. त्रावणकोर दरबारचा हा नायर अधिकारी १७४५ साली ख्रिस्ती झाला, खालच्या मानलेल्या लोकांत सरमिसळ वावरू लागला, आणि १७५२ साली त्यास गोळ्या घालून मारले. १५ मे २०२२ रोजी तो संत झाला. १५ मे हाच इसिद्रोचाही सण! संतपद देण्यापूर्वी त्याच्या नावामागचा ‘पिल्लई’ हा जातीवाचक शब्द रोमने काढून टाकला. ठीक झाले. पण तामिळनाडूत काही ख्रिस्ती स्मशानांत जातीच्या भिंती राहिल्याच, तेव्हा नावातली जात गेली म्हणून मातीतली जात गेली असे होत नाही.

आणि आपण? सावतोबा माळ्यांचा, गोरोबा कुंभारांचा, नरहरी सोनारांचा, अशी संतांची वाटणी आपण वतनासारखी करून बसलो आहो. शेतकरी-कारागीर बंधुभगिनींनो, पुढच्या पुण्यतिथीस एवढे करा. माळ्यांनी कुंभारांस पहिल्या पंक्तीस बसवा, कुंभारांनी मातंगांस बसवा, आणि वर्गणीतून एका गरीब मुलीची शाळेची पुस्तके घ्या. नांगर धरावयास देवदूत येवोत न येवोत. आपला हात एकमेकांस लागला, तर इसिद्रोचे आणि जनीचे काम खरोखर हलके होईल.