भिंतीवर वारली, नळात सूर्या

केबिन रोडच्या कुठल्याही नव्या टॉवरमधे जा. लिफ्टशेजारी गेरूवर पांढरी माणसं रंगवलेली दिसतील. हातात हात, मधे तारपेवाला. बिल्डर खूश, शेट खूश. वारली तेवढा कुठे नाही. त्याला भिंतीवर जागा आहे, जमिनीवर नाही.

डहाणू-तलासरी-जव्हारचं रान सातबारा जन्मायच्या आधीपासून वारल्यांचं. वाघोबाचं, कणसरीचं. १८७८ च्या कायद्याने इंग्रजाने जंगल सरकारी केलं. सावकार-जमीनदारांनी जमीन नावावर करून घेतली. धनी होता तो कूळ झाला, कुळाचा वेठबिगार झाला. कर्ज काढून लग्न केलं की नवराबायको दोघं लग्नगडी. १९४५ ला किसान सभेच्या लाल झेंड्याखाली वारल्यांनी वेठ नाकारली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळ्या झाडल्या त्यांच्यावर. जेठ्या गांगड धरून पाच जण मारले.

अमेरिकेत शॉनींना ओहायोतून हाकललं ते १८३० चा कायदा करून, करारांवर खुणा घेऊन. चोरी नेहमी कागदोपत्रीच असते, दोस्तांनो. आपल्याकडे त्या कागदावर ‘विकास’ लिहितात.

सूर्या नदीवर धामणीला धरण बांधलं. सांगितलं, आदिवासींच्या शेतीला पाणी. त्यासाठी आदिवासींचीच गावं उठवली. मग शहराला तहान लागली. आता सूर्याची योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची. १८५ वसई-विरारला, २१८ मिरा-भाईंदरला. म्हणजे तुम्हाला, मला.

मी गोदीत ओझी उचलतो. तिथे प्रत्येक मालाच्या कागदावर असतं, कुठून आला, कुणाचा. पाण्याच्या पाइपावर नसतं.

पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित म्हणून अनुसूचित जमातीही मोजल्यात. ते काय फ्रेम करून टांगायला?

पाणी पिऊ नका, असं मी म्हणत नाही. केबिन रोडच्या आयाबहिणींनी हंड्यासाठी रात्री का जागाव्यात? पण १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यात ओंजळ घातली त्यांची आपण पोरं. पाणी कुणाचं, हे आपण नाही विचारायचं तर कुणी?

म्हणून सांगतो. आधी धामणीखालची शेतं भिजली पाहिजेत. उठवलेल्याला जमीन मिळाली पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याचे दावे निकाली निघून सातबारा वारल्याच्या हातात पडला पाहिजे. महापालिकेवर हंडामोर्चा काढाल तेव्हा निवेदनात हे पहिल्या ओळीत लिहा.

नाही लिहिलंत, तर तलासरीच्या वारल्याला जयभीम कुठल्या तोंडाने घालणार?